इसबासाठी प्रोबायोटिक: घ्यायचंच ठरलं तर कसं घ्यावं

कोपराच्या आणि गुडघ्याच्या खोबणीत कोरडे, खाजरे चट्टे उठतात. मलम लावलं की बसतात, थांबवलं की पुन्हा वर येतात. असे काही महिने गेले की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "हे वरवरच्या मलमानं जायचं नाही, पोटातून औषध द्या." पूर्वी अशा वेळी काढा यायचा, आता प्रोबायोटिकची, म्हणजे 'चांगल्या' जिवाणूंच्या गोळ्यांची, पट्टी येते. ती विकत घेण्याआधी काय तपासायचं, घेतली तर कशी वापरायची आणि कधी थांबवायची, ते इथे क्रमानं सांगते.

माझं मत आधीच सांगून टाकते. इसब एकदा सुरू झाल्यावर प्रोबायोटिकचा फायदा झालाच तर थोडासा होतो, आणि बहुतेकांना तो जाणवतही नाही. करून बघायला हरकत नाही, मात्र मुदत ठरवून, मोजमाप ठेवून आणि त्वचेची रोजची निगा न सोडता.

पहिली पायरी: हे इसबच आहे ना?

आपल्याकडे खाज सुटली की गजकर्ण, नायटा, खरूज, इसब ही सगळी नावं एकमेकांच्या जागी वापरली जातात. मेडिकलमधून आणलेल्या एकाच ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टिरॉइड असं सगळं कोंबलेलं असतं. मूळ दुखणं गजकर्णाचं असेल तर स्टिरॉइडमुळे चार दिवस बरं वाटतं आणि मग ते दुप्पट पसरतं. अशा वेळी प्रोबायोटिकचा विचारच गैरलागू आहे.

ढोबळ खुणा अशा. गजकर्णाच्या चट्ट्याची कड उठलेली आणि मधला भाग मोकळा असतो. जांघ आणि कंबर या त्याच्या आवडत्या जागा. खरजेत बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर पुटकुळ्या येतात, खाज रात्री वाढते आणि घरातल्या दोघातिघांना एकदम होते. इसब तान्ह्या बाळाच्या गालांवर दिसतं, मोठ्या मुलांत सांध्यांच्या खोबणीत, मोठ्या माणसांत मान आणि हातांवर. घरात कुणाला दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास असेल तर इसबाची शक्यता वाढते. आणखी एक गोष्ट: इंटरनेटवरचे फोटो बहुधा गोऱ्या कातडीचे असतात. आपल्या सावळ्या त्वचेवर इसब लालभडक दिसेलच असं नाही. ते करडं, जांभळट किंवा नुसतं खरखरीत दिसतं आणि बरं झाल्यावर काही महिने फिका किंवा काळपट डाग ठेवून जातं. या खुणांवरून अंदाज बांधता येतो. निदान मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्या.

चट्ट्यावर मधाच्या रंगाची खपली धरली, पू आला, ताप आला किंवा दुखऱ्या पाणीदार फोडांचा पुंजका उठला तर लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

दुसरी पायरी: पोटाचा आणि कातडीचा संबंध कितपत, ते समजून घ्या

इसबाची सुरुवात बऱ्याच जणांत त्वचेच्या वरच्या थरातच होते. फिलॅग्रिन नावाचं प्रथिन हा थर घट्ट ठेवतं. ते बनवणाऱ्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध २००६ साली स्पष्ट झाला. थर कच्चा असला की ओल उडून जाते, बाहेरचे त्रासदायक घटक आत शिरतात, स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू तिथे ठाण मांडतो आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा सतत खवळलेली राहते. पोट येतं ते या शेवटच्या टप्प्यात. कशावर चिडायचं आणि कशाकडे दुर्लक्ष करायचं, याचे धडे प्रतिकारयंत्रणेला आयुष्याच्या पहिल्या महिन्यांत आतड्यातल्या जिवाणूंच्या सहवासात मिळतात. मग ते जिवाणू बदलले तर चिडचिड कमी होईल का, या प्रश्नातून प्रोबायोटिकची सगळी आशा उभी राहिली.

जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ साली केलेली व्याख्या अजून वापरात आहे: पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. 'पुरेशा', 'फायदा' आणि 'जिवंत' या तिन्ही अटी पुढे पाकीट वाचताना लागतील. प्रीबायोटिक म्हणजे या जिवाणूंचं खाद्य. आपल्याला पचत नाहीत पण त्यांना पचतात असे तंतू.

आशेला बळ आलं फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून. ॲलर्जीचा इतिहास असलेल्या कुटुंबांतल्या गर्भवतींना बाळंतपणाआधीचे काही आठवडे आणि नंतर सहा महिने आई किंवा बाळाला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा जिवाणू दिला गेला. २००१ साली निकाल छापून आला: दोन वर्षांच्या वयात या मुलांपैकी २३ टक्क्यांना इसब होतं, तर जिवाणू नसलेली नुसती भुकटी मिळालेल्यांत ४६ टक्क्यांना. निम्मं! पुढे जर्मनीत हाच जिवाणू घेऊन तसाच प्रयोग झाला आणि २००८ साली निष्कर्ष आला की दोन्ही गटांत फरक नाही. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये दोन वेगवेगळे जिवाणू तपासले गेले. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोससच्या एचएन००१ या स्ट्रेननं (एकाच जातीतल्या उपप्रकारानं) इसबाचं प्रमाण निम्म्यावर आणलं, बिफिडोबॅक्टेरियमच्या एचएन०१९ नं काहीच केलं नाही.

हे सगळं इसब होऊ नये म्हणून. झालेल्या इसबाचं काय? कॉक्रेन या, वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ३९ चाचण्या आणि सुमारे २,६०० रुग्ण एकत्र मोजले. खाज आणि झोपमोड यांना २० पैकी गुण द्यायचे होते; प्रोबायोटिक घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत फरक निघाला अर्ध्या गुणापेक्षाही कमी. डॉक्टर आणि रुग्ण यांच्या एकत्रित मोजमापात १०३ पैकी साधारण चार गुणांची सुधारणा दिसली, जी कागदावर दिसते पण कातडीवर नाही. याउलट स्पेनमध्ये ५० मुलांवर तीन जिवाणूंचं मिश्रण बारा आठवडे देऊन बघितलं तेव्हा चांगली सुधारणा दिसली आणि स्टिरॉइडचं मलमही कमी लागलं. पन्नास मुलं म्हणजे फार थोडी. पाकिटावरच्या 'वैद्यकीयदृष्ट्या सिद्ध' या शब्दांमागे बहुधा अशीच एखादी छोटी चाचणी असते.

तिसरी पायरी: प्रश्न घरात कुणाचा आहे?

गर्भवतीचा असेल आणि आई, वडील किंवा आधीचं मूल ॲलर्जीचं असेल, तर शेवटच्या तिमाहीत आणि स्तनपानाच्या काळात प्रोबायोटिक घेण्याबद्दल प्रसूतितज्ज्ञांना जरूर विचारा. जागतिक ॲलर्जी संघटनेनं २०१५ साली अशा कुटुंबांसाठी त्याची शिफारस केली, पण पुरावा अगदी दुबळा असल्याचंही त्याच दमात नोंदवलं. माझ्या मते प्रोबायोटिकच्या बाजूनं सगळ्यात जास्त काही बोलता येतं ते याच ठिकाणी.

तान्ह्या बाळाला बालरोगतज्ज्ञांच्या सांगण्याशिवाय थेंब देऊ नका. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर मुळीच नाही. अशा बाळांच्या रक्तात हे जिवाणू शिरून गंभीर संसर्ग झाल्यानंतर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ साली जाहीर इशारा दिला होता. आईचं दूध मिळत असेल तर त्यात प्रीबायोटिक शर्करा असतातच.

मोठ्या मुलाचा किंवा स्वतःचा प्रश्न असेल तर पुढच्या पायऱ्या तुमच्यासाठी. केमोथेरपी चालू असलेले, अवयवरोपण झालेले, प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घेणारे किंवा शिरेत कायमची नळी बसवलेले रुग्ण यातून वगळा. इसबासाठी दिली जाणारी सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट ही औषधंही प्रतिकारशक्ती दडपणारीच; ती चालू असतील तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय प्रोबायोटिक घेऊ नका.

चौथी पायरी: आधी कातडीची घडी बसवा

हे जमत नसेल तर प्रोबायोटिकवर पैसे घालवू नका. अंघोळ कोमट पाण्यानं, पाच ते दहा मिनिटं. साबण सौम्य, बिनवासाचा, आणि तोही लागेल तिथेच. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओल असतानाच तीनेक मिनिटांत मॉइश्चरायझर थापायचं. किती? ब्रिटनमध्ये इसबाच्या मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम सुचवतात. आपल्याकडे ५० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, क्रीमनं फरक पडत नाही. महागडी ट्यूब परवडत नसेल तर मोठ्या डब्यातलं साधं पेट्रोलियम जेली किंवा लिक्विड पॅराफिनचं मलम चालतं. फक्त ते मुरलेले कपडे पटकन पेट घेतात. गॅस आणि देवघरातल्या समईपासून जपा.

डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइडचं मलम घाबरून चिमूटभर लावू नका आणि मनानं महिनोन् महिने चालूही ठेवू नका. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी ट्यूबची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरते.

बाळंतिणीच्या घरातली एक गोष्ट मात्र बदलायला हवी. मालिश करणाऱ्या बाई डाळीचं पीठ लावून बाळाची लव काढतात, दिवाळीत उटणं लावलं जातं, अंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं बूच ओततात. इसबाच्या कातडीला यातलं काहीही सोसत नाही. शिवाय फुटलेल्या कातडीतून अन्नातली प्रथिनं आत गेली तर त्याच अन्नाची ॲलर्जी जडू शकते. डाळ पोटात जाऊ द्या, गालाला नको. खोबरेल तेल आवडत असेल तर वापरा; ताज्या नारळातून काढलेलं 'व्हर्जिन' खोबरेल इसबाच्या मुलांत खनिज तेलापेक्षा बरं ठरल्याची फिलिपिन्समधली एक चाचणी आहे. ऑलिव्ह तेल मात्र टाळा, ते त्वचेचा थर आणखी सैल करतं.

पाचवी पायरी: ताटाकडे बघा, पण पथ्याची यादी करू नका

आपल्याकडे इसब झालं की सगळ्यात आधी बंद होतं ते दही. मग वांगं, मग टोमॅटो, अंडं, शेंगदाणे, चिंच आणि 'आंबट सगळंच'. वर्षभरानं मूल अशक्त होतं आणि खाज तिथेच. गंमत अशी की दही बंद करणारं घरच दुसऱ्या हातानं प्रोबायोटिकची कॅप्सूल देत असतं.

एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली किंवा धाप लागली, तर ती ॲलर्जी असू शकते. तो पदार्थ थांबवून तज्ज्ञांकडे जा. नुसत्या संशयावरून पदार्थ तोडू नका. लंडनमधल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल २०१५ साली आला. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ खायला सुरुवात करून दिली, तर पाच वर्षांच्या वयापर्यंत शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे लांब ठेवल्यानं संरक्षण झालं नाही, उलट झालं. अर्थात तीव्र इसब असलेल्या बाळाला पहिल्यांदा कूट देण्याआधी डॉक्टरांना विचारायचं, आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच द्यायचा नाही.

तर दही चालू द्या, दुधाची ॲलर्जी सिद्ध झाली नसेल तर. घरच्या विरजणात जिवंत जिवाणू भरपूर असतात, पण ते कोणते आणि किती हे कुणी मोजलेलं नसतं. म्हणून त्याला जिवंत आंबवलेलं अन्न म्हणता येईल, व्याख्येतलं प्रोबायोटिक नाही. ताकाचंही तेच. कढी उकळली की जिवाणू मरतात. इडली, डोसा, आंबोळी आंबवलेले असले तरी वाफेतून आणि तव्यावरून जिवंत काही उरत नाही. तेला-मोहरीचं लोणचं टिकतं ते मीठ आणि तेलावर, ते यात धरू नका. श्रीखंड हवं तर श्रीखंड म्हणूनच खा.

प्रीबायोटिकसाठी वेगळी पावडर आणण्याआधी स्वयंपाकघर बघा. कांदा आणि लसूण यांत इन्युलिनच्या जातीचे तंतू असतात. मटकी, चवळी, हरभरा, राजमा यांतल्या ज्या शर्करांनी पोटात वारा धरतो, त्याच आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य आहेत. कच्च्या केळ्याची भाजी आणि शिजवून गार केलेला भात यांतला काही स्टार्च न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचतो. भात मात्र लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवायचा; रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात. हे सगळं हळूहळू वाढवा, नाहीतर पहिल्या आठवड्यातच पोट फुगून प्रयोग बंद पडेल. मटकीच्या उसळीनं इसब बरं झाल्याचा पुरावा नाही. पोट साफ राहतं आणि पावडरीचे पैसे वाचतात, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. एक वर्षाखालच्या बाळाला मध 'नैसर्गिक प्रीबायोटिक' म्हणूनही चाटवू नका.

सहावी पायरी: पाकीट वाचा

मागची बाजू वाचा, पुढची नाही. सगळ्यात महत्त्वाचा स्ट्रेन. जिवाणूचं नाव तीन भागांत असतं: कुळ, जात आणि शेवटी अक्षरं-आकड्यांचा स्ट्रेन. एकाच म्हशीच्या दुधाला दोन घरांतलं विरजण लावलं तर दोन वेगळी दही होतात, तसंच एकाच जातीतल्या दोन स्ट्रेनचं काम वेगळं असू शकतं. पाकिटावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलं असेल आणि स्ट्रेन नसेल, तर कुठलीच चाचणी त्या पाकिटाला लागू होत नाही; परत ठेवा. २०२० साली या कुळाची नावं बदलली, त्यामुळे ऱ्हॅम्नोसस कधी लॅक्टोबॅसिलस तर कधी लॅक्टिकेसिबॅसिलस म्हणून दिसेल. जिवाणू तोच.

दुसरं, संख्या. ती सीएफयूमध्ये लिहितात, म्हणजे वाढू शकणारे जिवंत जिवाणू. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान १० कोटी हवेत. इसबाच्या चाचण्यांत बहुधा १०० कोटी ते १,००० कोटी, म्हणजे पाकिटावरच्या भाषेत एक ते दहा बिलियन, वापरलेले दिसतात. ही संख्या मुदत संपेपर्यंतची आहे की कारखान्यातून निघतानाची, तेही बघा. फ्रिजमध्ये ठेवायचं पाकीट दुकानातही फ्रिजमध्येच होतं ना, हे विदर्भातल्या मे महिन्यात तर विचारायलाच हवं.

तिसरं, जुलाबाच्या वेळी मिळणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्यांत बहुधा बॅसिलस क्लॉसी असतो आणि काही सॅशेंमध्ये सॅकरोमायसिस बुलार्डी नावाचं यीस्ट. ती पोटाच्या तक्रारींसाठी आहेत. इसबासाठी घेण्याचं कारण नाही, 'प्रोबायोटिकच आहे ना' असं मेडिकलवाला म्हणाला तरी. दुधाची ॲलर्जी असेल तर घटकांत दुधाचा अंश आहे का तेही बघा.

सातवी पायरी: बारा आठवडे, एक वही

सुरू करण्याआधी दोन आठवडे नुसती नोंद ठेवा. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झालेली पोएम नावाची मोजपट्टी घरी वापरता येते. दर रविवारी सात प्रश्न: गेल्या आठवड्यात किती दिवस खाज आली, किती रात्री झोपमोड झाली, किती दिवस रक्त आलं, पाणी सुटलं, त्वचा फुटली, पापुद्रे निघाले, कोरडी-खरखरीत वाटली? एकही दिवस नाही तर ०, एक-दोन दिवस १, तीन-चार दिवस २, पाच-सहा दिवस ३, रोज असेल तर ४. बेरीज २८ पर्यंत जाते. ८ ते १६ म्हणजे मध्यम, १७ पासून पुढे तीव्र. बाजूला स्टिरॉइडचं मलम किती दिवस लागलं तेही लिहा.

मग एकच उत्पादन, रोज ठरावीक वेळी, सुरू करा. कॅप्सूल उघडून द्यायची असेल तर गार किंवा कोमट पदार्थात. गरम वरणात किंवा दुधात टाकली तर जिवाणू मरतात. अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवा. या काळात नवा साबण, नवं क्रीम, नवं पथ्य काही नको. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशानं काय झालं ते कळणार नाही. सुरुवातीला थोडा वारा, पातळ शौच होऊ शकतं. अंगावर पुरळ उठलं किंवा ताप आला तर थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

ऋतूचं भान ठेवा. पुण्या-नाशिकच्या कोरड्या थंडीत इसब उसळतं, मुंबई-कोकणात घामानं खाज वाढते. फेब्रुवारीत सुरू करून एप्रिलमध्ये बरं वाटलं तर श्रेय कॅप्सूलचं की थंडी गेल्याचं, ते सांगता येत नाही. म्हणून बारा आठवड्यांनी बेरीज निदान चार गुणांनी उतरली असेल, तर एक महिना प्रोबायोटिक बंद करून बघा. गुण पुन्हा चढले तर चालू ठेवण्याबद्दल वही घेऊन डॉक्टरांशी बोला. तसेच राहिले तर त्याची गरज नव्हती. आणि बारा आठवड्यांत चार गुणही उतरले नसतील तर दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणू नका. ते पैसे मॉइश्चरायझरच्या मोठ्या डब्याला लावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना टॅक्रोलिमस (स्टिरॉइड नसलेलं मलम), प्रकाशोपचार अशा पुढच्या पर्यायांबद्दल विचारा.